हात काढू दे

अम्मा अजून म्हणते, ग्रहण होतं.
म्हणते म्हणजे बोलत नाही;
कॅलेंडर उलटताना बोट एका जागी थांबतं, तेवढंच.
सातवा महिना. हजार विड्या कारखान्यात द्यायच्या,
पानं भिजलेली, वाट कुणाची बघणार?
पत्र्याचं माप पानावर ठेवून
ती कात्री चालवत राहिली संध्याकाळपर्यंत.
मग मी आले,
वरचा ओठ उघडा, टाळू उघडी.
साखर पेठेतल्या आत्यानं निकाल दिला:
पान कापलं, पोरीचा ओठ कापला.

दूध नाकातून परत यायचं.
उभं धरून चमच्यानं पाजलं मला,
एक वाटी संपायला अर्धी पाळी लागायची.
तिसऱ्या महिन्यात ओठ शिवला, दीड वर्षाला टाळू.
बाबा यंत्रमागावर तुटलेली तार सांधायचे,
चादरीत ती गाठ शोधून सापडायची नाही.
माझी सापडते.
त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे,
दोरा किती काउंटचा वापरला?

नाव पद्मिनी पोगुल.
'प'ला आतलं एक दार मिटावं लागतं,
माझं मिटायचं नाही, वारा नाकातून पसार.
मद्मिनी मोगुल, मी म्हणाले पहिलीत,
बाईंनी तसंच लिहून घेतलं.
वर्षभर मी मोगल घराण्यातली.

चौदाव्या वर्षी, दातांच्या दवाखान्यात,
दोन्ही कानांत दांडे घालून डोकं जखडलं
आणि एका बाजूनं फोटो काढला.
नव्या डॉक्टरनं तो उजेडावर धरला,
पातळ कागद ठेवून पेन्सिलनं माझी कवटी गिरवली:
कपाळ, जबडा, हनुवटी,
मग भुवयांच्या मधून खाली
एक छोटी तिरकी रेघ.
"हे नाकाचं हाड. जरा आखूड आहे."
कशापेक्षा?
तो थांबला. "तुझ्या वयाच्या बाकीच्यांपेक्षा."
वाढेल?
"वाढेल की. त्याच्या चालीनं."

आरशात मी ज्याच्याशी भांडत होते
ते सगळं मऊ होतं, एका नाकपुडीवर कलंडलेलं.
हाड त्याच्या वर, मुळाशी, गप्प,
भिजलेल्या शेंगदाण्याएवढंही नसेल.
नाक मुरडणाऱ्यांचं जे मुरडतं
ते तरी कुठं हाड असतं?

त्यानंच सांगितलं, ओठ जुळतो तो सातव्या आठवड्यात.
आठवड्यात, महिन्यात नाही.
विडी घरकुलापर्यंत मी ते वाक्य
हातातल्या दुधासारखं जपत आणलं.
अम्मानं ऐकलं, कात्री पदराला पुसली,
पुढचं पान घेतलं.
कॅलेंडरवरचं बोट मात्र अजून थांबतं.

आज सात रस्त्याजवळ, अंधाऱ्या खोलीत,
भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.
मला ते नकोच होतं.
पोटावर गार जेल, मॅडम बोलेनात.
पंखा, यंत्राची घरघर, मॅडमची बांगडी.
"नाकाचं हाड दिसतंय. सहा मिलिमीटर."
आखूड की पुरेसं?
"ठीक आहे."
आणि ओठ?
त्यांनी पोट हलवलं, मला कुशीवर वळवलं, खोकायला लावलं.
"बाळानं तोंडावर हात धरलाय. आठ दिवसांनी या."

शाळेच्या प्रत्येक फोटोत
शेवटच्या रांगेत
मी असाच धरायचे.

बाहेर बाकावर अम्मा,
हातात काही नसताना बोटं विडी वळतायत.
काय म्हटली?
हाड दिसलं.
अन्?
हात काढू दे त्याला, अम्मा.
त्याला वाटेल तेव्हा.

ती काही बोलली नाही.
बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटेल असं ऊन.
पिशवीतून कडक भाकरी काढली, गुडघ्यावर मोडली,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
बराच वेळ दोघींच्या तोंडाचा
कुडुमकुडुम आवाज येत होता.